शिरोलीहून गोकुळ शिरगावला, व्हाया मुंबई

कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व इंटरनेट सेवा पुरवठादारांना खुले पत्र

स.न.वि.वि.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या गेटसमोर लोखंडी खांब आहे. त्या खांबावर तुमच्यापैकी तिघांच्या काळ्या केबली बांधलेल्या आहेत. प्रत्येकीचं वेटोळं वेगळं, प्रत्येकीवरची नावाची पट्टी वेगळी, पण दोन वेटोळ्यांमध्ये वीतभरही अंतर नाही. त्यातल्या एका कंपनीची लाइन त्या फाउंड्रीत आहे. दुसऱ्या कंपनीची लाइन त्याच मालकांच्या गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये आहे. या दोन्ही ठिकाणचं नेटवर्क मी बघतो. मार्च महिन्यात एका संध्याकाळी मी शिरोलीहून गोकुळ शिरगावच्या सर्व्हरला ट्रेसराउट लावला, म्हणजे पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) कुठल्या वाटेने जातं ते तपासलं. आमचा राउटर, मग तुमच्यातल्या एकाचा कोल्हापुरातला पॉप (कंपनीचं गावातलं जोडणी केंद्र), मग पुणे, मग मुंबई. मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या जाळ्यात, तिथून परत पुणे, परत कोल्हापूर आणि शेवटी गोकुळ शिरगाव. अकरा टप्पे झाले. पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ३८ मिलिसेकंद, रात्री आठनंतर सत्तरच्या वर.

महामार्गाने निघालं तर हे दोन कारखाने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. तुमच्या दोन केबली तर एकमेकींना चिकटूनच आहेत. तरी पाकीट मुंबईला जाऊन येतं, कारण तुमच्या दोन जाळ्यांची गाठ कोल्हापुरात कुठेच पडत नाही.

याने कुणाचं काय बिघडतं, हे मी भट्टीजवळ उभा राहून पाहिलंय. लोखंड वितळलं की ओतण्याआधी त्यातला थोडा रस काढून त्याची चकती पाडतात. ती स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज बघतात. आमच्याकडे हे आकडे ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात ते गोकुळ शिरगावच्या सर्व्हरवर चालतं, आणि क्वालिटीचे साहेबही तिकडेच बसतात. त्यांनी ओके दिल्याशिवाय रस ओतायचा नाही, असा नियम. त्या संध्याकाळी स्क्रीन अडकली. मुंबईच्या बाजूला कुठेतरी लिंक भरली होती, पाकिटं गळत होती. चौदाशे अंशांच्या वर तापलेला रस चार-पाच मिनिटं भट्टीतच धरून ठेवला, वीज जळत राहिली, मोल्डिंगची माणसं हात बांधून उभी राहिली. शेवटी सुपरवायझरने फोनवर आकडे वाचून दाखवले आणि ओके घेतलं. मालकांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून विचारलं, "दोन्हीकडे मिळून एवढे पैसे भरतो, मग फोनच लावायचा तर नेट कशाला घेतलंय?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या हातातलं नव्हतं. ते तुमच्या हातातलं आहे, म्हणून हे पत्र.

त्याआधी मालकांनी करायचं ते सगळं केलं होतं. ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० केला, मग २०० केला. फरक शून्य. नळाची तोटी मोठी केली म्हणून टाकी जवळ येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. कोल्हापूर ते मुंबई ३८० किलोमीटर धरले, तर निरोप जाऊन उत्तर यायला हे अंतर चार वेळा कापावं लागतं. म्हणजे दीड हजार किलोमीटर, साडेसात मिलिसेकंद. हा निसर्गाचा हिशेब झाला. वाकडीतिकडी जाणारी फायबर, मधले राउटर आणि गर्दीच्या वेळची रांग धरून त्याचे ३८ होतात, ७० होतात.

३८ मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणीही लवत नाही, असं तुमच्यातले एकजण मला म्हणाले होते. एका फेरीपुरतं ते खरं आहे. पण व्हीपीएनवरून, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या खासगी वाटेवरून, शेअर्ड फोल्डरमधलं कॅडचं मोठं ड्रॉइंग उघडताना एकच फेरी होत नाही. ही फाइल आहे का, तिचा हा भाग कुठे आहे, तो लॉक आहे का, पुढचा तुकडा दे, अशा हजार-हजार फेऱ्या होतात. हजार फेऱ्या गुणिले ३८ मिलिसेकंद म्हणजे ३८ सेकंद, आणि हे सगळं व्हीएमसी मशीनवरचा ऑपरेटर हातात टूल घेऊन थांबलेला असताना. दोन मिलिसेकंदांच्या वाटेवर तेच काम दोन सेकंदांत होतं. जुन्या मशीनवर, जिथे एका वेळी ६४ केबीच पाठवून उत्तराची वाट बघितली जाते, तिथला वेगही याच हिशेबाने बांधलेला असतो. ४० मिलिसेकंदांवर एका कनेक्शनला १३ एमबीपीएसच्या आसपास मिळतात, मग लाइन २०० ची असो की ५०० ची.

हे दोन मिलिसेकंद मी मनाने सांगत नाही. मे महिन्यात आम्ही शिरोलीत दुसरं कनेक्शन घेतलं, गोकुळ शिरगावला ज्यांचं आहे त्यांचंच. खांब तोच, प्लॅन तोच. पिंग दोनवर आलं. ड्रॉइंग डबल क्लिक करताच उघडायला लागलं. स्क्रीन परत अडकली नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही सुटला, आणि माझं म्हणणं नेमकं इथूनच सुरू होतं. दोन्ही कारखाने एकाच कंपनीच्या लाइनवर आणले की ती कंपनी बंद पडली की दोन्हीकडे अंधार. म्हणून मीच प्रत्येक मालकाला सांगतो की दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी ठेवा. पण दोन कंपन्या ठेवल्या की दोघांमधली वाट मुंबईवरून. वेग हवा तर एकच कंपनी, भरवसा हवा तर दोन. उद्योजकाला हे दोन्ही एकदम मिळत नाही. शिवाय त्याचा पॅटर्न करून देणारा उद्यमनगरात, सीए राजारामपुरीत, माल घेणारा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. त्या प्रत्येकाला "आमचीच कंपनी घ्या" असं तो सांगू शकत नाही. तुम्ही दोघांनी कोल्हापुरातच एकमेकांना जोडून घेतलंत, की गिऱ्हाईक कुणाचंही असो, वाट जवळचीच राहते.

याला पीअरिंग म्हणतात, हे तुम्हाला मी शिकवायला नको. फक्त तुमच्या मुलांना, ऑफिसातल्या नव्या माणसांना हे पत्र वाचायला द्याल म्हणून एका ओळीत सांगतो. ट्रान्झिट म्हणजे "माझा माल सगळ्या जगात पोचव, मी पैसे देतो". पीअरिंग म्हणजे "तुझ्या गिऱ्हाइकांचा माल मी थेट तुझ्याकडे देतो, माझ्यांचा तू थेट माझ्याकडे दे, पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत". देशाच्या पातळीवर हे आपण करून चुकलोय. एकेकाळी दोन भारतीय कंपन्यांच्या गिऱ्हाइकांमधली मेल अमेरिकेला जाऊन परत येत असे, आणि तेवढ्यासाठी डॉलरमध्ये बँडविड्थ विकत घ्यावी लागे. ते थांबावं म्हणून २००३ साली निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही ना-नफा कंपनी उभी राहिली. एक्स्चेंज म्हणजे अनेक जाळी एकमेकांना जोडून घेतात ती जागा. मुंबईत पुढे खासगी एक्स्चेंजही आली, आणि आज तिथे शेकडो जाळी एकमेकांना भेटतात. देशाचा माल देशात राहावा हे तेव्हा पटलं. जिल्ह्याचा माल जिल्ह्यात राहावा, एवढंच मी म्हणतोय.

आता पैशाचं. इथे मी तुम्हाला फुगवलेला आकडा दाखवणार नाही, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझे संबंध जुने आहेत. ज्यांचं ट्रान्झिटचं बिल ९५ पर्सेंटाइलवर निघतं, त्यांच्याकडे दर पाच मिनिटांनी एक मोजमाप होतं. तीस दिवसांत ८,६४०. त्यातली वरची ५ टक्के, म्हणजे ३६ तासांची मोजमापं सोडून देतात आणि उरलेल्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर बिल लावतात. घरगुती गिऱ्हाईक रोज रात्री आठ ते अकरा तुटून पडतं. महिन्याचे तेच नव्वद तास झाले. म्हणजे बिल ठरतं ते रात्री. कारखान्यांची ये-जा दिवसा असते. ती कोल्हापुरात वळवली तरी रात्रीचा तो शेंडा फारसा खाली येणार नाही. काही जण तर सरसकट ठरावीक बँडविड्थ घेतात, त्यांना पुढचा स्लॅब घेईपर्यंत फरक दिसणारही नाही. मुंबईच्या फेऱ्या वाचतील, पण पहिल्याच महिन्यात बिल निम्मं होईल असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बचत आहे ती दोन ठिकाणी. एक, मुंबईच्या एक्स्चेंजवर. व्हिडिओवाल्यांचे कॅश सर्व्हर (व्हिडिओ जवळच साठवून ठेवणारे डबे) ज्यांच्या पॉपमध्ये आलेत ते भाग्यवान, पण त्यासाठी गिऱ्हाइकांचा आकडा मोठा लागतो. तुमच्यातले बरेच जण त्याच्या अलीकडे आहेत. तुम्ही चौघांनी मिळून कोल्हापूर ते मुंबई एक लिंक घेतली आणि एक्स्चेंजचा एक पोर्ट घेतला, तर व्हिडिओवाल्यांचा माल तिथेच थेट मिळतो आणि रात्रीच्या शेंड्याचा मोठा वाटा ट्रान्झिटमधून निघून जातो. पोर्टचं भाडं ठरलेलं असतं, त्यातून जेवढं जास्त जाईल तेवढा एमबीचा दर खाली येतो. ट्रान्झिटमध्ये उलट, जास्त गेलं की बिल वाढतं. पण चौघांनी मुंबईत एकत्र पोचायचं असेल, तर आधी कोल्हापुरात एका खोलीत एकत्र यावं लागेल.

दुसरी बचत तुमच्या गिऱ्हाइकाची. आज दोन कारखाने जोडायला उद्योजक वेगळी पॉइंट-टू-पॉइंट लीज लाइन घेतो आणि तिचं दरमहा भाडं भरतो. ती लाइन अनेकदा बाहेरची मोठी कंपनी देते, तुम्ही नाही. साध्या ब्रॉडबँडवर व्हीपीएन टाकून तेच काम दोन-तीन मिलिसेकंदांत झालं, तर ते भाडं वाचतं, आणि त्यातला एक हिस्सा चांगल्या सेवेसाठी तुम्हाला द्यायला तो तयार असतो. माझ्या ओळखीचे सहा मालक तयार आहेत. मी त्यांना विचारूनच हे लिहितोय.

"यूट्यूब तर माझ्याच पॉपमधून चालतं, अजून काय पाहिजे?" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. यूट्यूबचा डबा मिळतो. फाउंड्रीच्या ईआरपीचा, सीएच्या टॅलीच्या सर्व्हरचा, दवाखान्यातल्या एक्स-रेचा, गोडाऊनमधल्या कॅमेऱ्याचा डबा कुणी आणून देत नाही. दोन गिऱ्हाइकांमधली ही वाहतूक फक्त तुम्ही दोघं मिळूनच जवळ आणू शकता.

खरी अडचण तांत्रिक नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्या माणसाने माझी केबल तोडली, माझ्या अपार्टमेंटमधली गिऱ्हाइकं त्याने फोडली, दर पाडले. असे राग दोन्हीकडे आहेत आणि ते खोटे नाहीत. पण पीअरिंगला मैत्री लागत नाही. पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेने २०११ साली जगभरातल्या १,४२,२१० पीअरिंग करारांची पाहणी केली. त्यातले ९९.५१ टक्के करार तोंडी होते, कागद नाही, सही नाही. २०१६ साली पुन्हा पाहणी केली तेव्हा करार १९ लाखांच्या वर होते आणि तोंडी करारांचं प्रमाण ९९.९३ टक्के. ही सगळी जाळी एकमेकांची स्पर्धकच आहेत. दोघांनाही सोयीचं असतं म्हणून ते टिकतं, आणि ज्या दिवशी सोयीचं राहणार नाही त्या दिवशी केबल काढून घेता येते.

"माझ्या खर्चावर त्याचं नेटवर्क सुधारेल" ही भीती सगळ्यात जास्त आहे. केनियात काय झालं ते बघा. नैरोबीत २००० सालच्या शेवटी तिथल्या कंपन्यांनी एक्स्चेंज सुरू केलं, तर सरकारी दूरसंचार कंपनीने तक्रार करून दोन आठवड्यांत ते बंद पाडलं. २००२ च्या फेब्रुवारीत ते परत चालू झालं. २०१२ साली तिथे देशाच्या एकूण वाहतुकीतली ३० टक्के देशातच वळत होती, २०२० पर्यंत ७० टक्के. पूर्वी २०० ते ६०० मिलिसेकंद लागत, ते २ ते १० वर आले. कुणा एकाचं नेटवर्क सुधारलं असं झालं नाही. देशातल्या देशातलं नेट वापरण्यासारखं झालं, तसं लोकांनी ते जास्त वापरलं.

तिसरी शंका रास्त आहे. त्याच्या चुकीने माझं जाळं पडलं तर? २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवायला लावलेला रूट (पाकिटांना वाट सांगणारी नोंद) बाहेर निसटला आणि दोनएक तास जगातल्या फार मोठ्या भागाला यूट्यूब दिसेना. त्यांना जगाशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीने तो रूट न तपासता पुढे पाठवला म्हणून ते झालं. आपण तपासायचं. एकमेकांकडून फक्त ठरलेले प्रिफिक्स (आयपी पत्त्यांचे गट) घ्यायचे, बाकी सगळे नाकारायचे. मर्यादेपेक्षा जास्त रूट आले तर दोघांमधलं सेशन (जोडणी) आपोआप बंद व्हावं अशी मर्यादा घालायची. डिफॉल्ट रूट, म्हणजे बाकी सगळ्या जगाची वाट, द्यायचा नाही, घ्यायचा नाही. आपापल्या प्रिफिक्सची आरपीकेआय नोंद, म्हणजे हे पत्ते आपलेच आहेत याची तपासता येणारी नोंद, करून ठेवायची. आणि केबल तुटली तर? जाळ्यांमधली वाट ठरवणारा बीजीपी हा प्रोटोकॉल आपण होऊन तीच वाहतूक परत मुंबईच्या वाटेने लावतो. म्हणजे वाईटात वाईट झालं तर आज जे आहे तेच राहील. कायद्याचं म्हणाल, तर परवानाधारक आयएसपींनी एकमेकांना थेट जोडायला परवान्यातच मुभा आहे. फक्त नोंदी ठेवण्याच्या ज्या अटी आज आहेत, त्या तशाच पाळायच्या. ज्यांच्याकडे स्वतःचा एएस नंबर (जाळ्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नाही, जे मोठ्या कंपनीचे फ्रँचायझी म्हणून काम करतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना वरच्या कंपनीला विचारावं लागेल. पण निम्म्यांकडे तरी नंबर आहे.

एक आठवण सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगा शिरोलीजवळ महामार्गावर आली आणि पुण्याचा रस्ता बंद झाला. २०२१ ला माझे एक गिऱ्हाईक राजारामपुरीत घरी अडकले होते. शिरोलीच्या कारखान्यात दोन वॉचमन, पाणी उपसायचे पंप जनरेटरवर. त्यांना कॅमेऱ्यातून फक्त पंपाच्या खड्ड्यातली पातळी बघायची होती. घरात एका कंपनीचं नेट, कारखान्यात दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही कंपन्यांचे पॉप चालू होते, घराची फायबर चालू होती, कारखान्याची चालू होती. तुटली होती ती बाहेर जाणारी लिंक. म्हणून पाच-सात किलोमीटरवरचा खड्डा त्यांना दिसला नाही, आणि त्यांनी रात्रभर दर अर्ध्या तासाने वॉचमनला फोन केले. पहाटे वॉचमनच्या फोनची बॅटरी संपली. त्यानंतरचे चार तास माझ्या त्या गिऱ्हाइकाने कसे काढले ते मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. त्या रात्री गावात कुठेही तुमच्या दोन जाळ्यांची गाठ असती, तर खड्डा दिसला असता. पूर परत येणार आहे, हे आपल्यातल्या कुणाला सांगायला नको.

दोघांसाठी लागतं ते इतकंच: दोघांच्या पॉपमध्ये किंवा एखाद्या मधल्या खोलीत येणारी फायबरची एक जोडी, दहा किलोमीटरची दोन १०जी मॉड्यूल (फायबर राउटरला जोडणारे भाग), दोघांच्या राउटरवर एकेक रिकामा पोर्ट. काही हजारांचं काम. चौघं आलात तर प्रत्येकाने प्रत्येकाला जोडायला सहा जोडण्या होतात, दहा जण आलात तर पंचेचाळीस. तेव्हा मधे एक स्विच ठेवायचा आणि प्रत्येकाने फक्त त्या स्विचपर्यंत यायचं. स्विच कुणा एकाच्या मालकीचा नको, कुणा एकाच्या ऑफिसात नको. याच एका गोष्टीवरून अशा जोडण्या मोडतात.

म्हणून खोलीचं बघून ठेवलंय. पत्राच्या सुरुवातीला सांगितलेल्या फाउंड्रीच्या मालकांनी गेटजवळच्या सिक्युरिटी केबिनमागची खोली वर्षभर बिनभाड्याने द्यायचं कबूल केलंय. पुराचं पाणी दोन्ही वेळा तिथवर आलं नव्हतं. एसी आहे, कारखान्याचा जनरेटर आहे, सहा युनिटचा रॅक मी बसवून घेतलाय. किल्ली तुम्ही ठरवाल त्याच्याकडे राहील, माझ्याकडे नको. चार मॉड्यूल आणि पॅच कॉर्ड आणून ठेवल्यात. फिल्टरची कॉन्फिग तुम्ही वापरता त्या दोन्ही प्रकारच्या राउटरसाठी लिहून ठेवलीय, ती आधी तुमच्या माणसाला दाखवा, चुका काढा. पहिले तीन महिने रोजचं पिंग, गळती आणि दोन्ही बाजूंची वाहतूक मोजून मी सगळ्यांना पाठवीन, ज्यांनी जोडणी घेतली नाही त्यांनाही.

सगळ्यांनी एकदम यायला हवं असं नाही. पहिले दोघं पुरेत. खांब गेटसमोरच आहे, तिथून खोली चाळीस मीटर. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी फायबर जोडणारा स्प्लायसिंगवाला घेऊन या, शिडी आमच्याकडे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कारखान्यांच्या नेटवर्कची कामं करणारा एक,
उद्यमनगर, कोल्हापूर